ढोणवाडीची कर्तीबाई

राहीबाई म्हणून इचाराल तर ढोणवाडीत कुणाला उमगायचं न्हाई. कर्तीबाई म्हणा, शेंबडं पोरगंबी ओढ्यापल्याडच्या खोपटाकडं बोट दावंल आणि वर फिदीफिदी हसंल. त्या हसण्याचा मला लय राग येतो. मी आक्काताई. तिच्या सासरच्या घराची आणि माज्या घराची भिंत एक. त्या भिंतीपल्याड काय शिजलं आणि काय करपलं त्ये मला ठावं हाय, म्हणून सांगते. गावाला सांगाया गेलं तर गाव हसण्यावारी न्हेतंय.

आमची ढोणवाडी माण तालुक्यातली, दहिवडीपासनं दोन कोसावर. पाऊस आला तर बाजरी, न्हाई आला तर शेरडं-मेंढरं आणि म्हमई. गडीमाणूस मिसरूड फुटलं का म्हमई गाठतो आणि दिवाळीला न्हाईतर जत्रेला तोंड दावतो. बाकी वरीसभर गाव बायांच्या आणि म्हाताऱ्यांच्याच जिवावर चालतंय, पर असं बोलायची रीत न्हाई.

राही विट्याकडची. आईबाप ल्हानपणीच गेलं. चुलत्यानं वाढिवली, म्हंजी राबवून घेतली, आणि न्हातीधुती झाल्याबरूबर आमच्या जोतीरामाच्या गळ्यात बांधली. चुलता अक्षता टाकून गेला त्यो पुन्यांदा फिरकला न्हाई. हिला माहेर न्हाई ह्ये सासूनं, साळूबाईनं, पयल्याच दिवशी हेरलं. जिला परत जायाला जागा न्हाई तिला कसंबी वागवलं तरी चालतंय, असा त्या म्हातारीचा हिशेब.

जोतीराम म्हमईला गोदीत माल चढवायच्या कामाला व्हता. दिसाया देखणा, बोलाया गोड, आणि आतनं लय मानी. दोघांना एक पोरगी, मनू. तिच्या पाठीवर काय झालं न्हाई, त्याचं खापरबी राहीच्याच डोस्क्यावर. घराची मागली भिंत ढासळली तवा राहीनं एकटीनं चिखल तुडवला, ओढ्यातनं दगडं वाहिली आणि भिंत उभी केली. मी बगितलंय, म्हणून सांगते. शेरडं तिनं राखायची, शेत तिनं बगायचं, हीर आटली का कोसभर चालून पाणी तिनं आणायचं, आणि यिऊन सासूचं पाय रगडायचं. साळूबाईची आणिक एक रीत व्हती. जेवाया बसताना पयलं ताट जोतीरामाचं वाढायचं. त्यो म्हमईत, आणि ताट हितं. "घरच्या कर्त्याचं पान पयलं," म्हणायची. राहीनं पाट मांडायचा, ताट वाढायचं, त्याला हात जोडायचं. मग म्हातारी त्ये ताट सवताकडं वढून घ्यायची आणि ढेकर दिऊस्तवर जेवायची. राहीला काय उरंल त्ये.

मला बाई हसू आवरायचं न्हाई. राहीनं मातर कवा तोंड वाकडं केलं न्हाई. तिला वाटायचं, असंल त्यांच्यात असं.

एकाहत्तर साली सरकारची शिरगणती आली. उन्हं नुकतीच तापाया लागली व्हती. आमच्या शाळेचं बाळासो मास्तर घरोघर हिंडून माणसं लिवून घ्यायचं. मास्तर आष्ट्याकडचं, उसाच्या मुलखातलं. आमच्या धुळीला आणि खाऱ्या पाण्याला इटल्यालं. माणूस भला, पर घाईचा. साळूबाईच्या ओट्यावर यिऊन बसलं तवा आमी शेजारच्या बाया जमलो, आणि धुळा व्हता. ह्यो धुळा नावाला मेंढका, पर मेंढरांमागं कमी आणि लोकांच्या घरामागं जास्त हिंडायचा.

"आजी, या घरात एका चुलीवर कोण कोण जेवतं ते सांगा," मास्तर म्हणालं.

"पयला माजा जोतीराम," म्हातारी म्हणाली.

"तो कुठं असतो?"

"म्हमईला."

"मग त्याला तिकडं मोजतील. इथं नाही लिहिता यायचं."

म्हातारीचं नाक लाल झालं. "न्हाई म्हंजी? माजा ल्योक जिता हाय, मास्तर. जित्या माणसाचं नाव घरातनं काढायचं? घरातनं मेल्यालं माणूस काढत्यात."

मास्तरांनी समजावलं. एक माणूस दोन ठिकाणी मोजला तर सरकारचा हिशेब चुकतो म्हणालं, तुमच्या पोराला त्यानं काय हुईत न्हाई म्हणालं. म्हातारीच्या डोस्क्यात काय शिरंना. शेवटाला मास्तर म्हणालं, "बरं, मग घरातलं कर्तं माणूस म्हणून तुमचं नाव लिहितो."

"माजं? ल्योक जिता असताना मी कर्ती? माजी जीभ झडंल," म्हातारी म्हणाली आणि तणतणत आत गेली.

मास्तर टाक हातात धरून बसलं. ऊन डोईवर आलं व्हतं. राही दावणीपशी उभी व्हती. शेरडं वरडत व्हती, त्यास्नी पाण्यावर न्ह्यायची येळ टळत व्हती.

"बाई, कुणाचं तरी लिहावंच लागतं," मास्तर तिला म्हणालं. "घर चालवतं कोण?"

"मीच की," राही म्हणाली. "लिवा माजं."

एवढं बोलली आणि शेरडं सोडून चालती झाली. आता ह्याच्यात त्या पोरीचं काय चुकलं, मला सांगा. सरकारचा माणूस खरं इचारतोय तर खरं सांगावं, असं तिला वाटलं. आमच्यात खरं चुलीपशीबी बोलत न्हाईत. हिनं त्ये ओट्यावर सांगितलं, चारचौघांत, आणि धुळ्याच्या म्होरं.

मावळतीला गावभर झालं. पाण्यावर बाया म्हणाया लागल्या, "सरा गं, कर्तीबाईस्नी घागर भरू द्या." पारावरचं म्हातारं गडी हात जोडाया लागलं. राही नुस्ती खाली मान घालून जायाची. तिला वाटलं, चार दिस हसतील आणि गप बसतील. मलाबी तसंच वाटलं व्हतं. पर धुळा भावाकडं म्हमईला गेला.

म्हमईत आमच्या गावकीचा गाळा हाय. सगळी ढोणवाडीची गडीमाणसं तितंच राहत्यात, एका रांगेत पथारी टाकून. धुळ्यानं तितं मीठमसाला लावून सांगितलं, आणि आल्यावर आमालाबी हसत हसत सांगितलं. गाळ्यातल्या पोरांनी जोतीरामाला सळो का पळो करून सोडलं म्हणं. कामावरनं आला का एकजण उठून म्हणायचा, "या, बसा. तुमी कुणाच्या घरचं?" दुसरा म्हणायचा, "कर्तीबाईंच्या." तिसऱ्यानं त्याचं ताट उचलून शेवटाला ठेवायचं. जोतीराम कुणाला एक सबूद बोलला न्हाई. तोंडानं शिव्या देणारा माणूस परवडला, ह्यो गप माणूस लय वंगाळ.

चैतात नाथाची जत्रा. जोतीराम आला, सगळ्यांस्नी खाऊ आणला, मनूला परकराचं कापड आणलं. राहीला मातर कायबी न्हाई. जत्रेला आमच्यात पुरणाचा नैवेद्य घरचा कर्ता घिऊन जातो. पटका बांधतो, ताट हातावर धरतो, म्होरं हलगी वाजती. बायांनी मागं चालायचं आणि देवळाच्या पायरीखाली थांबायचं. त्या दिवशी समद्या घरची गडीमाणसं पटका बांधून चौकात गोळा झाली. जोतीराम आला, त्यानं राहीला हाक मारली, आणि सगळ्यांच्या म्होरं आपला गुलाबी पटका काढून तिच्या डोईवर ठेवला.

"आवं, ह्ये काय?" राही म्हणाली.

"आमच्या घरचा कर्ता," जोतीराम गावाकडं बगून म्हणाला. लय गोड आवाजात म्हणाला. "सरकारात नोंद हाय. धर ताट."

आधी कुणी हसंना. मग धुळा हसला, आणि मग चौक फुटला. पोरांनी तिच्यावर गुलाल उधळला, हलगीवाल्यानं मुद्दाम तिच्याभवती फेर धरला. बाया पदरात तोंड घालून हसत व्हत्या. राहीनं पटका काढाया हात वर केला तर जोतीरामानं हात धरला. "खाली पडू दिऊ नगंस. पडला तर मला लागंल." त्ये ऐकून तिनं हात खाली घेतला. नवऱ्याच्या जिवाला काय हुऊ नये म्हणून त्यो पटका सावरत ती बाई गड्यांच्या घोळक्यात चालली, नाकातोंडात गुलाल, हातात ताट. पायरीपशी पुजाऱ्यानं तिला अडवली आणि ताट जमिनीवर ठेवाया लावलं. मनू माज्या जवळ उभी व्हती. तिनं माजा हात धरला व्हता, त्यो सोडला आणि घराकडं पळत गेली.

साळूबाई ऊर बडवत सामोरी आली. "अवदसे, नवऱ्याचा पटका डोईवर घेतलास. माज्या पोराच्या डोक्याला आता सावली ऱ्हाईल व्हय?" आता पटका घेतला हिनं का घातला त्यानं? त्ये कुणी बोलंना. मी बोलले, तर माजाच दाल्ला माज्यावर वसकला.

जोतीराम दुसऱ्या दिवशी म्हमईला गेला. त्याचा राग फिटला व्हता. जाताना हसत व्हता.

फुडल्या साली पाऊस आलाच न्हाई. त्यो बहात्तरचा दुष्काळ तुमी ऐकलाय, आमी खाल्लाय. सरकारनं खडी फोडायचं काम काढलं, राही रोज हातोडी घिऊन जायाची आणि तिच्या मजुरीवर सासू नि पोरगी जेवायची. अशात म्हमईवरनं गाळ्यातला माणूस यष्टीनं आला. जोतीरामाच्या अंगावर गोदीत बोजा पडला व्हता. डोस्क्यावरच पडला. मातीबी तितंच झाली.

डोस्क्यावर पडला, एवढंच साळूबाईला पुरं झालं. "हिनं आधी नाव काढलं, मग पटका घातला, मग माणूस खाल्ला," अशी आरोळी तिनं ठोकली आणि सबंध गावानं मान हलिवली. ज्यांनी गुलाल उधळला व्हता त्यांनीबी हलिवली. त्यांचंच त्वांड म्होरं. माज्या अंगाची नुस्ती लाही झाली.

साताऱ्यासनं धाकला दीर आला, नानासो. त्यो तितं कुठल्याशा हापिसात शिपाई. बायको-पोरांसंगं भाड्याच्या खोलीत राहायचा, आणि गावच्या घरावर त्याचा कवापासनं डोळा व्हता. दहाव्याला राही ओढ्यावरनं पिंडाचं उरकून आली तर दाराला आतनं कडी. आत मनू रडत व्हती. म्हातारी आतनं वरडली, "आली तशी जा. ह्या घरात तुजं कायबी न्हाई."

राही दुपारपतोर ओट्यावर बसली. मग तिनं पंचांस्नी बलवलं. पंच आलं, पारावर बसलं, आणि धुळा साक्षीला. धुळा म्हणाला, "नवरा जिता असतानाच हिनं घर आपल्या नावावर सांगितलंय. माज्या कानांनी ऐकलंय."

"मी घर चालिवते म्हणाले," राही म्हणाली. "घर माजं हाय असं न्हाई म्हणाले."

"एकच की त्ये," पंच म्हणालं.

शिरगणतीच्या कागदावर कुणाला वावभर जागा मिळत न्हाई, एवढं सांगाया मास्तर असायला पायजे व्हतं. त्यांची कवाच बदली झाली व्हती. पंचांनी निकाल दिला, बाईनं घराला पाय लावायचा न्हाई, पोरगी आजीपशी ऱ्हाईल. राहीला घर नगं व्हतं, शेत नगं व्हतं. पंचांच्या पायावर डोकं ठिऊन ती एकच म्हणत व्हती, "माजी मनू द्या." सरपंच म्हणालं, "तुज्याबरूबर पाठवून पोरीचं वाटोळं करू काय?"

ती ओढ्यापल्याड गेली. खडीच्या कामावरच्या बायांनी टाकल्यालं एक खोपटं व्हतं, त्यात राह्यली. दुष्काळ सरला तशी ती लोकांच्या रानात खुरपाया जायाला लागली. गावानं काम द्यायचं थांबिवलं न्हाई हं. रोजगाराला अपशकून लागत न्हाई. मनू शेरडं घिऊन ओढ्याकडं यायची, सुरवातीला आईला लांबनं बगायची. एकदा राहीनं तिला हाक मारली. पोरगी शेरडं वळवून पळाली. घरी म्हातारी तिला काय काय भरवायची, त्ये मी भिंतीतनं ऐकत व्हते. "तुज्या बापाला खाल्लं तिनं, तुलाबी खाईल." रोज. पोरगी येडी व्हती का? रोज ऐकल्यावर माणूस काय करंल?

पंच्याहत्तर साली मनूचं लग्न ठरलं. स्थळ आष्ट्याकडचं, बारमाही पाण्याची जमीन. नवरा बिजवर, वयानं थोराड, पयली बायको बाळंतपणात गेल्याली. त्यांस्नी आईबापांविना पोरगी चालत व्हती, पर नवऱ्याला खाऊन गावानं हाकलल्याली आई चालली नसती. म्हणून नानासोनं सांगितलं, आईबाप दोन्ही गेलं. राही ओढ्यापल्याड जिती-जागती, आणि हितं ती मेली.

मी जाऊन तिला सांगितलं. मला वाटलं रडंल, शिव्या दील. तिनं इचारलं, "घरात हीर हाय का त्यांच्या?"

"नळ हाय म्हणं दारात," मी म्हणाले.

मग म्हणाली, "आक्का, मला लांबनं एकदा बगू द्याला सांग त्यांस्नी. मी बोलणार न्हाई."

मी साळूबाईपशी गेले. म्हातारीनं इचार केला, आणि तिच्या डोळ्यांत काय चमकलं त्ये मी इसरणार न्हाई. "लग्नात भांड्याला बाई लागतीच," म्हणाली. "येऊ दे. पदर खाली घिऊन बसायचं, आणि मागल्या दारी. कुणाची कोण म्हणून इचारलं तर कामाची बाई." मी म्हणाले, "तुला देव बगून घील." तर म्हणती, "देवानंच पाठीवली तिला भांडी घासाया."

राही आली. धुवट लुगडं नेसून आली. मागल्या दारी, तिनंच उभ्या केल्याल्या भिंतीच्या बुडाला भांडी घासायची राख घिऊन बसली. म्होरं मांडवात मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, तिला कायबी दिसलं न्हाई, नुस्तं ऐकू आलं. जेवणावळी सुरू झाल्या आणि भांड्यांचा ढीग पडाया लागला. एकेक पातेलं ती घासायची आणि मांडवाच्या फटीकडं बगायची. मी दोनदा सांगितलं, "अगं, सर, मी घासते, तू जा, भिंतीआडनं बग." ती उठली न्हाई. तिला भ्या वाटत व्हतं, कुणी बगितलं तर.

शेवटाला नवरी हात धुवाया मागल्या दारी आली. मुंडावळ्या, हिरवा चुडा, हळदीनं पिवळं झाल्यालं त्वांड. संगं नवऱ्याची आत्या, आष्ट्याची, जाडजूड, गळाभर सोन्याचं डाग. मनू आईपासनं हातभर अंतरावर उभी राह्यली. राहीचा हात पातेल्यात तसाच थांबला. पदर खाली घ्यायचं ती इसरली आणि पोरीच्या तोंडाकडं टकामका बगाया लागली. बगणारच की. तीन वर्सांत एवढ्या जवळनं बगितली नव्हती.

आत्याबाईला त्ये खटकलं. "ह्या कोण गं? तुज्याकडं कशा बगत्यात?" तिनं मनूला इचारलं.

मनूनं खाली बगितलं. मग वर बगितलं, सरळ आईच्या डोळ्यांत. "कुणी न्हाई," म्हणाली. "भांड्याला लावलीया."

"मग नवरीला नजर काय लावती? घास की भांडी," आत्याबाई म्हणाली. आणि राहीकडं वळून, बाई कशी असती बगा, चौकशी करावी म्हणून इचारलं, "तुला पोरंबाळं हायत का गं?"

माज्या तोंडात शब्द आला व्हता, असा आला व्हता. राहीनं राखेच्या वल्या हातानं माजं मनगट धरलं. एवढं दाबलं का मला कळ आली.

"न्हाई," ती आत्याबाईला म्हणाली. "मला कुणी न्हाई."

मनू तितंच उभी व्हती. तिनं कायतरी म्हणावं असं मला लय वाटलं. ती आत्याबाईच्या मागनं आत गेली. बायांनी तिला घेरली, पाठवणीचं रडणं सुरू झालं, साळूबाई तर गळा काढून रडली, आणि लोकं म्हणाली, आजीनं लेकरू पोटच्यावानी वाढिवलं. वऱ्हाडाचा ट्रक सुरू झाला तशी मी राहीला म्हणाले, "उठ, भवाने, निदान ट्रक तरी बग. अजूनबी पळालीस तर गाठशील."

"नगं," राही म्हणाली. "आक्का, तितं पाणी हाय."

ट्रकचा आवाज ओढ्याच्या उतारावर गेला, फिरला, आणि ऐकू यायचा थांबला. साळूबाई आतनं वरडली, पातेली मोजून ठेव म्हणून. राहीनं उरल्याली पातेली घासली, धुतली, भिंतीला पालथी घातली, आणि मगच उठली.